दवाओतली लातूरची मेस

लातूर
२ जून २०२५

तनुजा बाळा,

अनेक आशीर्वाद. तू पोचलीस हे शेषेरावनं सकाळी फोनवर सांगितलं. "अक्का, पोरगी उतरली, सुदर्शन आलता घ्यायला," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. तुझा बाप बोलायला पहिल्यापासून कंजूष, पण आवाजावरून कळलं, रातभर डोळा लागला नसणार.

ईमेल करून राहिले त्याला कारण हाय. फोन केला की तुमच्या अर्धापूरच्या घरी तो स्पीकरवर असतो, अन् इथं माझ्याभोवती होस्टेलच्या पोरी. मनातलं काही बोलता येत न्हाई. तू सवडीनं लांब पत्र लिहीत जा. पोरी क्लासला गेल्या की मी ऑफिसात बसून वाचीन.

तुला पाठवायला तुझा बाप तयार नव्हता हे तुला माहीत हाय. नांदेडच्या रोपांच्या लॅबमध्ये नोकरी करतेस तेवढं पुरे, केळीवरचा रोग शिकायला समुद्रापलीकडं कशाला, असं त्याचं म्हणणं. मीच भांडले. म्हटलं, शेषेराव, दवाओत आपला सुदर्शन हाय, मग काळजी कशाची? माझे दीर, त्याचे वडील, गेले तेव्हा सुदर्शन चौथीत होता. नागाबाई जाऊबाईंचं मन ताळ्यावर नव्हतं. माझ्या हातचं खाऊन तो पोरगा वाढला. आज परमुलखात आपल्या पोरापोरींना वरण-भाकर करून घालतो, राहायला खोल्या देतो. माझ्या होस्टेलातल्या ज्या चौघींचा इथं डॉक्टरीला नंबर लागला न्हाई, त्यांना मीच त्याच्याकडं पाठवलंय. त्यांच्याच मजल्यावर तुझी खोली. तू शिकणार त्या केंद्राचं वसतिगृह गावाबाहेर केळीत हाय म्हणं, तिथं राहायचं न्हाई.

आता ऐक. कुठं जायचं झालं तर सुदर्शनला सांगून जा. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नको. उगं कोणाकडं बघून हसू नको. पासपोर्ट जिवापाड जप. देश परका हाय, तिथं आपलं माणूस धरून राहायचं.

तुझी,
सिंधुआत्या


दवाओ
८ जून २०२५

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आज रविवार, म्हणून निवांत लिहायला बसले.

विमानतळावर सुदर्शनदादा मराठीत माझं नाव लिहिलेली पाटी धरून उभे होते. इतक्या परक्या तोंडांत ती अक्षरं दिसली आणि माझ्या पायात बळ आलं. मेस दुसऱ्या मजल्यावर, वर आमच्या खोल्या. पहिल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी होती. पासपोर्टची काळजी करू नकोस. इथं चोऱ्या फार होतात म्हणून दादांनी सगळ्या मुलींचे पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवलेत, माझाही ठेवला.

आमचं केंद्र शहरापासून बसनं तासाभरावर आहे. बाबांना सांग, नजर पोचेल तिथपर्यंत केळी. प्रत्येक घडाला निळी पिशवी घातलेली. कापलेले घड खांद्यावर वाहत नाहीत, वरून लोखंडी तार गेलेली असते, तिला अडकवून ओढत नेतात. बागेत शिरायच्या आधी औषधाच्या पाण्यात बूट बुडवावे लागतात, कारण तो मर रोग मातीतून येतो. एका शेतकऱ्याच्या पायाला लागलेल्या मातीनं दुसऱ्याची सगळी बाग बसते. आपल्याकडं तो अजून पुरता शिरला नाही तोवर हे शिकून घ्यायला हवं असं मला रोज वाटतं.

मला शिकवणाऱ्या बाईंचं नाव लूझ. पन्नाशीच्या आहेत, खणखणीत आवाज, दिवसभर गमबूट. इथं थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, म्हणून मी त्यांना आते लूझ म्हणते आणि म्हणताना दर वेळी तू आठवतेस. आत्या, तुझा एक सल्ला मात्र पाळता येणार नाही. इथं सगळेच हसतात. सकाळी बसस्टॉपवर अनोळखी म्हातारी 'मायोंग बुंताग' म्हणते, म्हणजे शुभ सकाळ. न हसता कसं राहायचं?

तुझी,
तनुजा


लातूर
१२ जून २०२५

चि. तनुजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बूट बुडवायचं शेषेरावला सांगितलं, तर म्हणाला, "आमच्या गड्यांना बूट कुठं हायेत?" पण ऐकून घेत होता.

सुदर्शनशी काल बोलले. तुझं कौतुक करून राहिला होता. एवढंच म्हणाला की तू त्याला न सांगता परस्पर बाजारात गेलीस. म्हणतो, "काकू, मी तिच्या बापाला शब्द दिलाय, काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" त्याचं खोटं न्हाई. माझ्या होस्टेलात पोरगी दहा मिनिटं उशिरा आली तरी मी फाटकात उभी असते. सांभाळणाऱ्याला किती धास्ती असते ती पोरींना कळत न्हाई. त्याला सांगत जा.

चौघींची खुशाली लिही. उदगीरची सुकन्या कशी हाय? तिचा बाप चंद्रप्पा, बी-बियाणांचं दुकान हाय त्याचं, दर महिन्याला मला विचारतो. पूर्वी मला दिवसाआड फोन करायची, अलीकडं करत न्हाई. अभ्यासात असंल.

सिंधुआत्या


दवाओ
२२ जून २०२५

ती. आत्या,

तुला एक विचारायचं आहे आणि ते बाबांपर्यंत तूच नीट पोचवशील म्हणून तुला लिहिते. मी केंद्राच्या वसतिगृहात राहायला जाऊ का? तिथं खोली रिकामी आहे. आते लूझ त्याच आवारात राहतात. जाण्यायेण्यात माझा दिवस फुकट जातो.

सुकन्या बरी आहे. बोलत नाही फारशी. तिच्या खोलीत गेले तर पलंग दाराला लावून ठेवलेला. का गं म्हटलं, तर म्हणाली, दार वाऱ्यानं वाजतं. त्या खोलीला वारा येईल अशी जागा नाही. कड्या आतून लागत नाहीत, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दादांकडे. परवा मी केस पुसत होते आणि ते दार न वाजवता आत आले. म्हणाले, "घरचाच माणूस आहे, लाजतेस काय?"

मुली जेवायला एकट्या खाली जात नाहीत. दोघी-दोघी जातात. मी विचारलं की विषय बदलतात.

सुदर्शनदादा लातूरला असताना कसे होते गं? तू त्यांना मोठं केलंस म्हणून विचारते.

मला तिकडं जायचंय. बाबांना सांग.

तनुजा


लातूर
२६ जून २०२५

तनुजा,

तू वसतिगृहाचं का लिहिलंस ते मला कळलं. माझ्याकडं लपवायचं काही कारण नव्हतं.

सुदर्शननं फोटो पाठवलाय. तू एका तिकडच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसलेली. त्याच्या खांद्यावर हात. सुदर्शननं आधी मलाच पाठवला, म्हणाला, काकू, काय करू सांगा. मग मी सांगायच्या आधीच तो फोटो शेषेरावकडंबी गेला. तुझा बाप दोन दिवस जेवला न्हाई. तुझी आई फोनवर रडत होती. अर्धापूर लहान गाव हाय, पोरगी परदेशी एकटी पाठवली म्हणून आधीच लोक बोलून राहिलेत.

अन् तू मला विचारतेस सुदर्शन कसा होता. पोरगी, त्याच्यावर शंका घेऊन स्वतःचं झाकू नको. दार न वाजवता येतो म्हणं. मीबी माझ्या पोरींच्या खोलीत न विचारता जाते. होस्टेल असंच चालतं.

वसतिगृहाला मी हो म्हणणार न्हाई. तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय. तो खाली पाडू नको.

सिंधुआत्या


दवाओ
३० जून २०२५

आत्या,

हे पत्र पूर्ण वाच. मध्ये उठू नकोस.

तो मोटारसायकलवाला भाड्यानं माणसं नेतो. इथं त्याला हबल-हबल म्हणतात. आपल्याकडं रिक्षा तशी ती. त्या दिवशी बस बंद पडली, बसमधल्या सगळ्या बायका त्याच गाड्यांवर बसून गेल्या. खांदा धरला नाही तर माणूस पडतं. दादांना हे ठाऊक आहे. त्यांनी फोटो का काढला ते मला काल कळलं.

काल ते म्हणाले, चौघींना घेऊन समोरच्या बेटावर जायचंय, तूही चल. धक्क्यावर पोचले तर चौघी नव्हत्या. परीक्षा आहे म्हणाले. मी परत फिरणार होते, पण तुझं पत्र डोक्यात होतं. वाटलं, आता नाही म्हटलं तर लातूरला आणखी काही जाईल. फेरीबोटीत बसले.

बेटावर किनाऱ्याला लागून लहान लहान खोल्या आहेत. त्यांनी एक घेतली. कपडे बदलायला म्हणाले. मी म्हटलं, मी बाहेर बसते. त्यांनी माझं मनगट धरलं. दुपारची वेळ होती, समोर पोरं पाण्यात खेळत होती. मी हात ओढला तसा त्यांनी पिळला. आणि अगदी शांतपणे म्हणाले, "त्या एका फोटोवर तुझ्या बापानं अन्न सोडलं. आता तू काही सांगितलंस तर कोण ऐकेल? काकू ऐकेल?" मग दुसरा हात माझ्या अंगावर टाकला.

मी त्यांना ढकललं आणि पळाले. कुठं जायचं ते माहीत नव्हतं. मागच्या अंगाला स्वयंपाकाची पडवी होती, तिथं तीन-चार बायका मासे साफ करत होत्या. मी जाऊन त्यांच्या मधोमध खाली बसले. त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. एकमेकींशी काहीतरी बोलल्या. एका म्हातारीनं माझ्यापुढं माशांची पाटी सरकवली आणि आपला ॲप्रन काढून माझ्या गळ्यात अडकवला. आत्या, मी जन्मात माशाला हात लावला नाही. काल लावला.

ते मला शोधत आले. हसत होते. त्या बाईला इंग्रजीत म्हणाले, ही माझी बहीण आहे, जरा रागावली आहे. ती म्हणाली, "ती कामात आहे." ते पुढं आले तशी ती सुरीसकट उठून उभी राहिली, तरी आवाज चढवला नाही. बाकीच्याही उठल्या. ते निघून गेले.

संध्याकाळच्या बोटीनं त्यातल्या दोघी मला पोचवायला आल्या. त्यांच्याच फोनवरून मी आते लूझना बोलावलं. आज सकाळी त्या मला घेऊन इथल्या वस्तीच्या पंचायतीत गेल्या, तिथली एक बाई आमच्यासोबत मेसवर आली. पासपोर्ट मागितला. दादांनी लगेच काढून दिला. म्हणाले, "अगं, मागायचा तरी." सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी आता केंद्रात आहे. तुझी परवानगी नाही हे मला माहीत आहे.

बाबांना मी हे सांगू शकत नाही. तू सांग. चौघी अजून तिथंच आहेत, त्यांचं काहीतरी कर.

तनुजा


लातूर
२ जुलै २०२५

तनुजा,

तुझं पत्र तू सांगितलंस तसं पूर्ण वाचलं, मधे उठले न्हाई.

तू खोटं बोलतेस असं मी म्हणत न्हाई. पण सुदर्शन असं करील हे माझ्या मनात शिरतच न्हाई. तापात मी त्याला मांडीवर घेऊन बसलेली हाय. त्याची बायको गीतांजली, त्याची पोरगी, नागाबाई, सगळे माझ्याच गल्लीत राहतात. एक शब्द बाहेर गेला तर तीन घरं उठतील. तुझंबी नाव होईल.

मी आज त्याला विचारते. माझ्याशी तो खोटं बोलणार न्हाई, त्याच्या आवाजावरून मला कळंल. तोवर तू कोणाला काही बोलू नको. शेषेरावला मी वेळ बघून सांगीन.

जपून राहा.

सिंधुआत्या


दवाओ
९ जुलै २०२५

आत्या,

तू त्याला विचारलंस.

तुझा फोन झाला त्याच संध्याकाळी त्यानं चौघींना मेसमध्ये उभं केलं. मोबाईल समोर धरला आणि एकेकीकडून बोलून घेतलं. सुदर्शनसर आम्हाला भावासारखे आहेत, आम्ही इथं सुखात आहोत. निलंग्याची मुलगी बोलता बोलता अडखळली तर तिच्याकडून पुन्हा बोलून घेतलं. ते व्हिडिओ नागाबाईकाकूंकडे गेले, बाबांकडे गेले. तुलाही आले असतील. तू त्यांच्या डोळ्यांकडं नीट पाहिलंस का?

मग त्यानं बाबांना सांगितलं की माझं त्या मोटारसायकलवाल्याशी लफडं होतं, त्यानं रोखलं म्हणून मी उलटले. बाबांचा फोन आला. "तिकीट काढतो, निघून ये," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, आत्यानं तुम्हाला काही सांगितलं का?" म्हणाले, "काय सांगायचंय?" मी फोन ठेवला. तू बघत होतीस ती वेळ अजून आली नव्हती तर.

परवा दुपारी सुकन्या इथं आली. हातात कपड्यांची पिशवी आणि पुस्तकं. पासपोर्ट त्याच्याकडेच आहे. आते लूझनी तिला माझ्या खोलीत ठेवून घेतलं. पहिले काही तास ती नुसती झोपली. उठल्यावर म्हणाली, "या दाराला आतून कडी आहे."

तिनं मला जे सांगितलं ते सगळं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते की माझं मनगटावर निभावलं, तिचं तसं निभावलं नाही. गेल्या दिवाळीपासून चाललंय. तक्रार करीन म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "काकूनंच मला सांगितलंय तुमच्यावर नजर ठेव म्हणून. तू कोणाला सांगणार? काकूला?"

आत्या, तिनं तुला सांगायचा प्रयत्न केला होता. जानेवारीत फोन केला होता. मला इथून दुसरीकडं जायचंय, सुदर्शनसर मला बरे वाटत नाहीत, म्हणाली होती. तू तिला म्हणालीस, "तो कडक हाय, पण तुमच्या भल्यासाठी हाय. थोडं जमवून घे."

मी जमवून घेणार नाही. उरलेल्या तिघी अजून आत आहेत. मी आणि सुकन्या पोलिसांत जाणार आहोत. तिच्या वडिलांना कोण सांगणार ते तू ठरव. नाहीतर मी इथून फोन करते.

तनुजा


लातूर
२५ जुलै २०२५

तनुजा,

दोन आठवडे तुला लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं, अन् बसायला वेळबी नव्हता.

तुझं पत्र आलं तशी मी ते व्हिडिओ परत लावले. आवाज बंद करून बघितले. निलंग्याच्या पोरीनं दुपट्ट्याचं टोक मुठीत असं धरलं होतं की बोटं पांढरी पडलेली. ती माझ्या होस्टेलात दोन वर्षं होती. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मी तिला असं बघितलं न्हाई. अन् पहिल्या वेळी मी तेच बघून नागाबाईला म्हटलं होतं, बघा, पोरी काय वाईट बोलल्या का.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं उदगीरला गेले. फोनवर सांगण्यासारखं न्हाई म्हणून गेले. चंद्रप्पा गल्ल्यावर होता. मला बघून खूश झाला, आत घेऊन गेला, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी सगळं सांगितलं. सुकन्यानं मला फोन केला होता तेबी सांगितलं, मी काय उत्तर दिलं तेबी. चहा आला तेव्हा त्यानं कप उचलून परत बायकोच्या हातात दिला. म्हणाला, "बाई, तुम्ही आता जावा. माझ्या तोंडून काही निघंल." मी उठले. बायको दाराशी कानडीत रडत होती, मला त्यातलं 'अव्वा', म्हणजे आई, एवढंच कळलं.

मग औसा, अहमदपूर, निलंगा, उरलेल्या तिघींची घरं. औशाच्या अन् अहमदपूरच्या आईबापांनी पोरींना त्याच दिवशी तिथनं हलवलं. त्यांच्या कॉलेजनंच दुसरीकडं सोय केली, पासपोर्टबी मिळवून दिले. निलंग्याच्या बापानं मात्र मला नीट बोलूच दिलं न्हाई. म्हणाला, पोरगी परत येईल, शिकणं बस झालं, श्रावणात स्थळ बघतो. मी पाया पडले त्याच्या. म्हटलं, तिचा काय दोष? तो म्हणाला, "दोष कोणाचा ते मला नका सांगू, पाठवलं कोणी ते मला ठाऊक हाय."

सुदर्शनचा फोन आला होता. आधी रडला, काकू, तूच माझी आई म्हणाला. मी म्हटलं, मग आईला खरं सांग. तेव्हा त्याचा आवाज बदलला. पोरीच तशा असतात, म्हणाला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. का ऐकला असून कानाआड केला होता, ते आता मलाच कळंना.

अर्धापूरला गेले. शेषेराव बागेत होता. माझं बोलून झाल्यावर तो कितीतरी वेळ केळीची वाळकी पानं कापत राहिला. मग म्हणाला, "अक्का, मी तिला तिकीट काढतो म्हटलं. तिनं काय म्हणून ऐकून घेतलं असंल." तुला फोन करायचं त्याला धाडस होत न्हाई. तो करील. त्याला थोडा अवधी दे.

नागाबाईनं माझ्या दारात येऊन मला शाप दिले. गल्लीनं ऐकले. होस्टेलमधून काही पोरी आईबापांनी नेल्या. बरोबर हाय त्यांचं.

गीतांजली परवा आली. पोरगी कडेवर. मला वाटलं, हीबी भांडायला आली. ती म्हणाली, "काकू, सगळं सांगा. गाळू नका." मी सांगितलं. ती ऐकत होती, मधेच पोरीचं तोंड पुसत होती. शेवटी म्हणाली, "मला तिकडं का नेत नव्हते ते इतकी वर्षं मी माझ्यातच शोधून राहिले होते." मग विचारलं, होस्टेलात एक खोली मिळंल का. मी जिन्याजवळची दिली. त्या खोलीला आतून कडी हाय का ते तिच्याआधी मी बघितलं. आता सगळ्याच खोल्यांना बसवून घेतल्यात, अन् माझ्याकडच्या दुसऱ्या किल्ल्या पोरींच्या हातात देऊन टाकल्या.

तू मला माफ कर असं मी लिहिणार न्हाई.

सिंधु


दवाओ
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. राग होता, अजून आहे. पण जे घडलं ते तुला कळायला हवं.

सुकन्या आणि मी पोलिसांच्या महिला कक्षात गेलो. पहिल्या खेपेला फक्त माझं सांगून झालं. तिचा नंबर आला तेव्हा ती नाव-गाव सांगून तिथंच थांबली. तिथल्या बाईंनी तिला पाणी दिलं, म्हणाल्या, तुझी तयारी होईल तेव्हा ये. तिचा पासपोर्ट मात्र त्यांनी त्याच दिवशी माणूस पाठवून मेसवरून आणवला.

मग मागच्या आठवड्यात केंद्राच्या फाटकावरून फोन आला की कोणी म्हातारे गृहस्थ आलेत, त्यांना इंग्रजी येत नाही. मी गेले. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी, आणि पहारेकऱ्यानं सांगितल्यावरून औषधाच्या पाण्यात चपला बुडवून उभे. चंद्रप्पा. हैदराबादच्या पुढं कधी गेलेले नाहीत. मोबाईलमध्ये सुकन्याचा फोटो आणि केंद्राचं नाव, तेवढं दाखवत दाखवत दोन विमानं बदलून आले होते. मी म्हटलं, "काका, कळवलं असतं तर घ्यायला आलो असतो." म्हणाले, "कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती."

सुकन्या त्यांना बघून जिन्यातच बसली. तिला वाटलं, घेऊन जायला आले. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. कानडीत बोलत होते, मला कळलं नाही. नंतर तिनं सांगितलं. ते म्हणाले, "तू कुठं राहतीस ते बघायला आलो. बघतो, अन् जातो. तू शिक."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत महिला कक्षात गेलो. वडिलांना सोबत बसवायचं का, असं बाईंनी विचारलं, मी त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "नको. माझ्यासमोर ती अर्धं गाळंल. तिला तिच्या मनानं सांगू द्या." आणि बाहेरच्या बाकावर बसले. सुकन्या आत होती तेवढा वेळ ते जागचे हलले नाहीत. समोर पंखा होता, त्याच्याकडं बघत होते. मी पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं. एकदाच बोलले. "तुमच्या आत्या घरी आल्या तेव्हा मी त्यांना चहा पिऊ दिला नाही. पण त्या आल्या नसत्या तर मला कोणी सांगितलं नसतं." एवढंच. मी तुला जसंच्या तसं लिहिलंय, त्यात माझं काही घातलं नाही.

सुकन्या बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, पण ती चालत पुढं गेली आणि वडिलांना म्हणाली, "अप्पा, भूक लागली."

सुदर्शनवर गुन्हा नोंदवला आहे. त्याला धरलं नाही अजून, वकील केलाय त्यानं. घरमालकानं वरच्या खोल्या काढून घेतल्या. मेस चालू आहे. मुलं अजून तिथं जेवायला जातात, मी परवा बसमधून पाहिलं. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. बोलावलं तर मी परत यायला तयार आहे असं लिहून दिलंय.

निलंग्याची मुलगी गेली. मी तिला विमानतळावर भेटायला गेले होते. माझ्याशी बोलायला ती तयार नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही बोललात, सुकन्या बोलली. मी कोणाला काही बोलले नव्हते. मग घरी मीच का?" आत्या, तिच्या बापाकडं परत जा. चहा नाही दिला, दार लावलं, तरी जा. श्रावण संपलाय, स्थळ ठरायच्या आत जा.

बाबांचा फोन आला होता. बराच वेळ केळीचंच बोलत होते. मी बूट बुडवायच्या औषधाचं प्रमाण सांगितलं, त्यांनी परत म्हणून घेतलं. मग म्हणाले, "तुला राहावं वाटतं तितकं राहा." माझं शिक्षण या आठवड्यात संपतं. गेल्या रविवारी मी एकटी त्या बेटावर जाऊन आले. त्या बायकांना भेटले. त्यांच्यातली म्हातारी मला ओळखून आधी माझ्या मनगटाकडंच बघत होती.

रविवारी दुपारी मी हैदराबादला उतरते. बाबा गाडी घेऊन येणार आहेत. तूही ये. तुझ्याशी कसं बोलायचं ते माझं अजून ठरलेलं नाही, कदाचित वाटेतलं देगलूर ओलांडेपर्यंत मी बोलणारही नाही. तरी ये.

तनुजा